पैसा आला की माणूस बदलतो का? मित्राला उसने दिलेले परत मागू का?

मागा. उद्याच मागा, दिवाळी होऊ दे, त्याचं बस्तान बसू दे करत राहू नका. आता बदलतो का, तर मी आंबेवाला माणूस, पावसजवळ आमची साठेक कलमं आहेत, त्यामुळे आंब्यातनंच सांगतो.

हापूसला साका होतो. रंग, वास, देठ सगळं एक नंबर आणि सुरी घातली की आत पांढरट, स्पंजासारखा आंबट गर. न कापता कुणाचा बाप सांगू शकत नाही. पैसा ही फक्त सुरी, साका आधीचाच.

बरं, ह्यावर उपाय नाही असंही नाही. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसचा संकर करून 1981 साली 'रत्ना' काढला, त्याला साका होत नाही. बाबांनी हौसेने चार कलमं लावली. गर केशरी, फळ हापूसपेक्षा मोठं. पण गिऱ्हाईकाला "हा रत्ना" म्हटलं की पिशवीची घडी घालतो, "नको, हापूसच द्या". चारचौघांत सांगायला हापूस लागतो ना!

सहा-सात वर्षांमागे एप्रिलअखेर पुण्याच्या एका काकांची चार डझनी पेटी भरत होतो आणि फळ कमी पडलं. हे काका म्हणजे दरवर्षी फोनवर आधी वीस मिनिटं कोकणातली माणसं कशी लबाड, हायवेवर कर्नाटकचा आंबा देवगड म्हणून कसा खपवतात हे सांगणार आणि मग पेटीमागे शंभर कमी करून घेणार. मी खालच्या थराला डझनभर रत्ना लावला, वर पेंढा, वर हापूस. पंधरा दिवसांनी काकांचा फोन, "यंदा एकालाही साका नाही हो! खालचे तर लाजवाब!" मी शहाणा, बाबांना हसत सांगायला गेलो. बाबा हसले नाहीत. तिथल्या तिथे फोन लावायला लावला, "खरं सांग नि डझनाचे पैसे परत कर."

सांगितलं. पलीकडे जरा वेळ गप्प आणि मग काका म्हणतात, "तरीच! खालचे मला पाणचटच लागले होते." आणि डझनाचे नाही, अख्ख्या पेटीचे 3200 मागितले. बाठे वाळले असतील तोवर! बाबांनी दिले.

त्या रात्री आमचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही. माझं म्हणणं, मी 800 साठी खोटं वागलो, तो 2400 साठी खोटं बोलला, मग मोठा चोर कोण? बाबा एवढंच म्हणतात, "पेटी कोणी भरली?"

तुमचा मित्र बदललाय म्हणता, पण त्याला आधी कापून कधी बघितलेलंत? गरीब आपोआप सज्जन असतो ह्यावरही माझा विश्वास नाय, त्याच्यापर्यंत सुरी पोचलेली नसते एवढंच.

हां, मिसळ करणं चूकच, आणि 2018 पासून तर हापूसला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा माझं बघून कोणी करू नका. काही काकाही चांगले असतात, आमची चार-पाच जुनी गिऱ्हाइकं आंबे खाऊन झाल्यावर न मागता पैसे पाठवतात.

रत्ना आता आम्ही घरीच खातो. दर मे महिन्यात बाबा फोड कापून माझ्यासमोर धरतात, "बघ रे, पाणचट लागतोय काय?"