कोल्हापुरात राहून समुद्राखालच्या जीवसृष्टीवर काम करता येईल का? शास्त्रज्ञ चित्रकारांना सोबत घेतात का?

घेतात. भिंत रंगवायची असली की घेतात.

चिडून लिहितोय असं वाटलं तर तसंच समज. तू चित्रकला शिकतोयस असं प्रश्नात लिहिलंयस, म्हणून सरळ अरे-तुरे करतो. 'कोल्हापूरला समुद्र नाही, ही अडचण ठरेल का' हे वाचून हसू आलं. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट उतरला की अर्ध्या दिवसात मालवण. अंतराची अडचण नाहीच. अडचण दुसरीच आहे, ती सांगतो.

काही वर्षांमागं समुद्रावर काम करणाऱ्या एका संस्थेनं मला मालवणला बोलावलं. चाळीस फुटी भिंत, विषय सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं प्रवाळ. हा पट्टा 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, पण तिथं होडीतून जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते ठाऊक असतं. मी घरी बसून मोबाईलवर फोटो बघितले आणि स्केच करून नेलं. लालभडक फांद्या, निळंशार पाणी, नारिंगी मासे. एकदम नाद खुळा. तिथल्या संशोधक मॅडम वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. कागद बघून म्हणाल्या, "दादा, हे ऑस्ट्रेलिया आहे. आपलं नाही हे."

पंचवीस वर्षं ब्रश धरलेल्या माणसाला हे ऐकून घेणं जड जातं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला तोंडात नळी देऊन पाण्यात उतरवलं. मी रंकाळ्यात पोहायला शिकलेला. खारं पाणी नाकात गेल्यावर पहिली दहा मिनिटं नुसता खोकत होतो. मग खाली बघितलं तर सगळं तपकिरी. शेवाळी. ओल धरलेल्या गुळाच्या ढेपा मांडून ठेवाव्यात तसे गोळे. पोरायटीस म्हणतात त्याला. एवढ्यासाठी घाट उतरून आलो?

वर आल्यावर मॅडमनी सांगितलं, तो तपकिरी रंग प्रवाळाच्या अंगात राहणाऱ्या शैवालाचा. ते शैवाल उन्हावर अन्न तयार करतं, त्यातलं प्रवाळाला देतं. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखाद्या अंशानं जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. म्हणजे तपकिरी असेल तर घरात चूल पेटलेली आहे. पांढरं म्हणजे उपासमार, आणि नेमकं तेच बघून पर्यटक 'किती सुंदर' म्हणतात. दुसरी गोष्ट लाल रंगाची. पाणी सगळ्यात आधी लाल खातं. पाच-दहा मीटरमध्येच तो जवळजवळ संपतो. फोटोतला लाल बहुतेक वेळा फ्लॅशच्या उजेडाचा असतो. इतकी वर्षं रंग कालवतोय, पण पाणी रंग खातं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मग चार दिवस नुसते तपकिरी रंग कालवले. बर्न्ट अंबर, रॉ सिएना, किंचित सॅप ग्रीन. मॅडम मागं उभ्या राहून सांगायच्या, "हा एकेक खळगा म्हणजे एकेक जीव आहे, असे घाईनं ठिपके देऊ नका." मी म्हणालो, नजरेला थांबायला जागा नसेल तर ह्या भिंतीपुढं कुणी उभं राहणार नाही, एक गोळा पांढराफटक सोडू, लहान पोराच्या डोळ्याच्या उंचीवर. त्यांना पटलं. तू ज्याला 'सहकार्य' म्हणतोयस ना, ते एवढंच असतं. मी माझा लाल सोडला, त्यांनी भिंतीवरच्या मजकुराचे तीन परिच्छेद सोडले.

आणि मग मुख्य कार्यालयातून साहेब आले. "फार डल झालंय हो. नारिंगी मासा टाका की एखादा." आम्ही दोघंही भांडलो. मी परत आल्यावर साहेबांनी दुसऱ्या पेंटरकडून मासा टाकून घेतला. फलकावर सगळ्यांची नावं, होडीवाल्याचंसुद्धा. माझं नाही. बिल पास झालं ते 'रंगकाम व किरकोळ' ह्या नावाखाली.

परदेशात असं नव्हतं. 1930 च्या दशकात विल्यम बीब हा अमेरिकन निसर्गशास्त्रज्ञ बर्म्युडाजवळ पोलादी गोळ्यात बसून समुद्रात उतरायचा, 1934 मध्ये तर 923 मीटरपर्यंत गेला. खालून टेलिफोनवर दिसेल ते सांगायचा, आणि त्या वर्णनावरून एल्से बोस्टेलमन ही चित्रकार मासे रंगवायची. ती स्वतःही हेल्मेट घालून पाण्यात उतरायची. आज जगात तिचं नाव घेतात, रंगकाम म्हणत नाहीत. (त्यातले काही मासे पुढं कधीच कुणाला सापडले नाहीत, हेही खरं. एकट्यानं बघितलेल्यावर दोघांनी विश्वास ठेवला की असं होतं.) अलीकडचं बघ. ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलच्या किनाऱ्यावर 2019 मध्ये मुलीचा एक पुतळा उभारला. दूरच्या प्रवाळावर मोजलेल्या पाण्याच्या तापमानानुसार त्याचा रंग बदलतो. ते आकडे शास्त्रज्ञांचे, पण थांबून बघायला लावणारा शिल्पकार.

तुझ्या प्रश्नाचं म्हणशील तर सुरुवात पंचगंगेवर कर. बाजारात मासेवालीजवळ बसून खवल्यांची चित्रं काढ, तिच्याकडून नावं विचारून घे. शिवाजी विद्यापीठात प्राणिशास्त्र विभाग आहे, स्केचबुक घेऊन जा. आणि पंचगंगा मालवणला जात नाही एवढं लक्षात ठेव. नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिळते आणि बंगालच्या उपसागराला जाते. हे मी साहेबांनाही सांगितलं होतं, कारण त्यांना त्या भिंतीवर पंचगंगेच्या नावाची घोषणा हवी होती. समुद्राला पावसाळ्यात जाऊ नको, काही दिसत नाही. हिवाळ्यात जा.

सगळेच साहेब तसे नसतात. आणि खरं सांगायचं तर लोक फोटो त्या नारिंगी माशापुढंच काढतात, मी गेल्या वर्षी बघून आलो. पण पांढऱ्या गोळ्यावर पोरांच्या हातांचा मळ बसलाय. मॅडमना फोटो पाठवला, त्या म्हणाल्या, "पुसू नका."

काम घेशील तेव्हा बिलावर 'चित्र' लिहून घे, आधीच. माझं ते बिल अजून ठेवलंय. कुणाला खोटं वाटत असेल तर फोटो टाकतो.