गॅरेजचा कट्टा: टर्बो किती मोठा हे नंतर, आधी तेल कुठं थंड होणार ते सांग

या महिन्यात पत्रांचा ढीग आलाय आणि निम्मी "किती हॉर्सपॉवर निघेल" याच्यावर आहेत. तीन घेतोय, तिन्ही टर्बोवर, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्यावर. पहिल्यालाच जास्त जागा देणार, बाकीच्यांनी रागावू नये.

प्रश्न: दादा नमस्कार. वडिलांची २००८ ची स्विफ्ट १.३ पेट्रोल आता फक्त ट्रॅक डेसाठी (आपली गाडी रेस ट्रॅकवर पळवायचा दिवस) ठेवलीये. कोइम्बतूरच्या करी ट्रॅकला दोनदा आणि चेन्नईला एकदा जाऊन आलो, सरळ पट्ट्यावर सगळेच मागं टाकून जातात हो. बजेट चार लाख, त्यात इंजिन, टर्बो सगळं. आहे त्याच इंजिनला टर्बो लावू, का बलेनो आरएसचं १.० बूस्टरजेट टर्बो इंजिन टाकू, का ठोकलेल्या फियाट लिनियाचं टी-जेट टर्बो इंजिन मिळतंय ते घेऊ? मित्र म्हणतात मोठा टर्बो टाक, अडीचशे काढ. — एक वाचक, पिंपरी

उत्तर: अडीचशेवाल्या मित्रांना विचार, ट्रॅकवर सलग किती लॅप मारल्यात. कारण रस्त्यावर फुल थ्रॉटल म्हणजे पाच सेकंद, मग समोर टेम्पो येतो नाहीतर स्पीडब्रेकर, आणि इंजिनला श्वास मिळतो. ट्रॅक डेचं एक सेशन पंधरा-वीस मिनिटांचं, आणि त्यातला निम्म्याहून जास्त वेळ पाय खालीच असतो. मग प्रश्न आकड्याचा राहत नाही रे, उष्णता जाते कुठं याचा होतो. तू कुठलंही इंजिन घे, मला पहिल्यांदा हे सांग की तेल कुठं थंड होणार.

तुझ्या १.३ ला टर्बो लावायचा विषय मला चांगला माहितीये कारण ती चूक आम्ही करून बसलोय. सेम इंजिन, सेम गाडी, आमच्या ग्रुपमधल्या एकाची. ऑनलाइन मिळालेला स्वस्तातला टर्बो, बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) ठेवला जेमतेम ०.६ बार, आणि इग्निशनचा मॅप (ठिणगी कधी पडायची याचा तक्ता) मी स्वतः बसून केला, रात्री, गार हवेत, गॅरेजच्या मागच्या रस्त्यावर. गाडी मस्त पळाली. नंतर करीला दुपारी दीडच्या उन्हात चौथ्या लॅपला आवाज बदलला, निळा धूर आला. पिटमध्ये प्लग काढले, तीन ठीक, आणि तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या पांढऱ्या पोर्सेलीनवर बारीक चंदेरी ठिपके, सुईच्या टोकाएवढे, जणू कोणी ॲल्युमिनियमची मिरपूड भुरभुरलीये. ते ठिपके म्हणजे पिस्टनचाच माल. डेटोनेशन होत होतं, म्हणजे मिश्रण आपोआप भडकून पिस्टनवर ठोके बसत होते, हेल्मेटमध्ये आणि एक्झॉस्टच्या आवाजात ऐकू कोणाला येणार. घरी आणून उघडलं तर पिस्टनच्या दोन रिंगांमधली भिंत तुटलेली. टर्बोची चूक नव्हती, गार हवेत केलेला मॅप मी गरम दिवशी वापरला ही चूक होती, शिवाय कंपनीने नॉन-टर्बोसाठी ओतलेला कास्ट पिस्टन असली थट्टा सहन करत नाही. फोर्ज्ड (ठोकून घडवलेले, मजबूत) पिस्टन, रॉड, हेड गॅस्केट असं सगळं बदलून ते इंजिन नीट होतं, पण तोपर्यंत तुझे चार लाख संपलेले असतात आणि ब्रेक अजून तेच असतात.

बूस्टरजेट. कागदावर छान, १०२ हॉर्सपॉवर, १५० एनएम, वजनाला हलकं, आणि मारुतीच्या गाडीत मारुतीचं म्हणून मनाला बरं वाटतं. पण ते डायरेक्ट इंजेक्शन आहे, पेट्रोल थेट सिलिंडरात फवारलं जातं. हाय-प्रेशर पंप आणि इंजेक्टर चालवायला तसाच ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) लागतो, आणि डायरेक्ट इंजेक्शन सांभाळणारे स्टँडअलोन (वेगळे विकत मिळणारे) ईसीयू महाग, ते ट्यून करणारे हात त्याहून कमी. गाडी २०१७ ला आली, २०२० ला बंद, त्यामुळे इंजिन काढून घ्यायला डोनर गाडीही शोधत फिरावं लागतं. तुझ्या बजेटमध्ये मी नाही जाणार.

मग राहिलं टी-जेट, आणि माझं मत तेच. १३६८ सीसी, कास्ट आयर्न ब्लॉक, साधं पोर्ट इंजेक्शन (पेट्रोल सिलिंडरच्या बाहेरच हवेत मिसळतं), आणि टर्बो कंपनीनेच लावलेला, म्हणजे पिस्टन, तेलाचा रस्ता, पाण्याचा रस्ता हे सगळं कोणीतरी आधीच विचार करून ठेवलंय. लिनियात ते ११४ द्यायचं आणि २०१५ च्या अबार्थ पुंटोत १४५. गाड्या बनायच्या रांजणगावला, त्यामुळे आपल्या पुणे-नगर पट्ट्यात त्यावर हात चालणारे मेकॅनिक अजून सापडतात, पार्टसाठी मात्र फियाटवाल्यांच्या ग्रुपवर पडून राहावं लागेल. आणि एक गैरसमज, स्विफ्ट डिझेलमध्ये फियाटचंच इंजिन होतं म्हणून टी-जेट आपसूक बसेल असं कोणी सांगितलं तर ऐकू नको, ते मल्टीजेट वेगळ्या घरातलं. माउंट, ड्राइव्हशाफ्ट, वायरिंग सगळं बनवावं लागणार.

म्हणून माझा खरा सल्ला तुला आवडणार नाही. इंजिन काढून स्विफ्टमध्ये टाकण्यापेक्षा चालू हालतीतली अख्खी लिनिया टी-जेटच घे आणि तीच ट्रॅकवर ने. दोनेकशे किलो जड आहे, मान्य, पण सीट, कार्पेट, स्टेपनी काढली की बरंच उतरतं, आणि स्वॅपमध्ये, म्हणजे इंजिन बदलण्यात, जाणारे आठ महिने वाचतात. स्विफ्ट वडिलांची आहे ना, राहू दे घरी.

आता टर्बोचा आकार. गणित कर, अवघड नाही. ढोबळ नियम असा की मिनिटाला एक पाउंड हवा म्हणजे साधारण दहा हॉर्सपॉवर. १.४ लिटरचं इंजिन ५५०० आरपीएमला दर मिनिटाला साधारण ३७६० लिटर गिळायला बघतं, प्रत्यक्षात नव्वद टक्के धर. बूस्ट ०.८ बार आणि इंटरकूलरनंतरची (टर्बोने तापलेली हवा थंड करणारा रेडिएटर) हवा ५० डिग्री धरली तर साडेचौदा पाउंड होतात, म्हणजे १४५ हॉर्सपॉवर, अबार्थचाच आकडा की नाही? बूस्ट १ बार केला की सोळा पाउंड, १६०. तर तुझं टार्गेट १६०, बस. हे सोळा पाउंड आणि दोनच्या आसपासचा प्रेशर रेशो (टर्बोनंतरचा दाब भागिले आधीचा) कॉम्प्रेसर मॅपवर, म्हणजे टर्बो कुठं किती चांगला चालतो त्या आलेखावर, मधल्या बेटात पडला पाहिजे, कडेला नको. चेन्नई समुद्राकाठी आहे, पुणे साडेपाचशे मीटरवर, इथं बाहेरचं प्रेशरच ०.९५ बार, म्हणजे तेवढाच बूस्ट काढायला टर्बोला इथं थोडं जास्त फिरावं लागतं, तेवढी जागा मॅपवर उजवीकडे-वर ठेव.

अडीचशेवाला मोठा टर्बो घेतलास तर काय होईल ते करीला बघायला मिळेल. २.१ किलोमीटरचा तो ट्रॅक, वळणातून बाहेर पडताना तू असणार तीन-साडेतीन हजारावर, टर्बो जागा होणार साडेचार हजाराला, तोपर्यंत सरळ पट्टा अर्धा संपलेला आणि मग सगळा टॉर्क एकदम पुढच्या दोन चाकांवर आदळणार, नेमका स्टिअरिंग अजून वळलेलं असताना. मोठा टर्बो ग्रेटर नोएडाला, जिथं एक किलोमीटरचा सरळ पट्टा आहे, तिथल्यासाठी ठीक आहे. छोटा, पाण्याने थंड होणारा, लवकर फिरणारा घे, किंवा आहे तोच आधी तपासून घे, शाफ्ट हाताने हलवून बघ, आत-बाहेर अजिबात हलता कामा नये.

पैसे कुठं घालायचे: थर्मोस्टॅटवाला ऑइल कूलर, सम्पमध्ये (इंजिनखालची तेलाची टाकी) बॅफल, म्हणजे आडव्या पट्ट्या (लांबच्या वळणात तेल एका बाजूला पळतं आणि तेल ओढणारी पिकअप नळी हवा ओढते), टर्बोच्या तेलाची रिटर्न लाइन जाड आणि कुठंही न मुडपता सरळ खाली, मोठा इंटरकूलर, ऑइल टेंपरेचरचा खरा गेज. १३० च्या वर काटा गेला की पाय वर, आणि शेवटचा लॅप निवांत फिरवून मगच पिटमध्ये ये, गरम टर्बो तसाच बंद केलास तर आतलं तेल जळून कोळसा होतं.

आणि ब्रेक! बाराशे किलोची लिनिया जाऊ दे, हजार किलोची गाडी १६० वरून ६० वर आणताना साडेआठशे किलोज्यूल उष्णता निघते, अडीच लिटर पाणी उकळीला येईल एवढी, आणि तीही चार सेकंदांत, दर लॅपला दोनतीनदा. पॅड आणि ताजं डॉट ४ फ्लुइड घातल्याशिवाय एक हॉर्सपॉवरसुद्धा वाढवू नको. जुनं, ओल धरलेलं फ्लुइड दीडशे-एकशे साठला उकळतं आणि पेडल जमिनीला लागतं, तेव्हा आईची आठवण येते, अनुभव आहे.

जाता जाता, स्वॅप केलंसच तर ती गाडी रस्त्यावर नाही चालवायची. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीच्या स्पेसिफिकेशनमध्ये मनाने बदल चालत नाही, ट्रॅकपर्यंत ट्रेलरनेच ने. आणि इन्शुरन्सच्या पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं, एकदा वाचून बघ.

प्रश्न: आमची स्वतःची फाउंड्री आहे. मुलाच्या ट्रॅक कारसाठी टर्बोचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांचा धूर गोळा करून टर्बोला देणारा भाग) घरीच ओतला तर? पाइप वेल्ड करून मिळतायत ते दिसायला भारी आहेत. — एक वाचक, गोकुळ शिरगाव

उत्तर: काका, कोल्हापूरकराने पाइप विकत आणायचा म्हणजे कमालच. जरूर ओता. ट्रॅकवर पेट्रोल टर्बोच्या एक्झॉस्टचा गॅस साडेनऊशे डिग्रीला जातो आणि पातळ वेल्डेड मॅनिफोल्डला पहिली चीर पडते ती नेमकी टर्बोच्या फ्लँजपाशी (बोल्टने जोडायची सपाट कडी), कारण अख्ख्या टर्बोचं वजन तिथं लटकत असतं. साधा ग्रे आयर्न नको, सिलिकॉन-मोलिब्डेनमवाला एसजी आयर्न (ताण सहन करणारं बीड) घ्या, तुमच्याकडे ऑर्डरला तो माल असेलच. चारी रनर (प्रत्येक सिलिंडरची नळी) शक्य तितके सारखे, पोर्टपाशी पायरी राहू देऊ नका, फ्लँज ओतल्यावर आणि हीट ट्रीटमेंटनंतरच फेस करा (मशीनवर सपाट करा), आणि बोल्टची भोकं कडेच्या बाजूला किंचित ढिली ठेवा, तापल्यावर मॅनिफोल्ड लांब होतो, त्याला सरकायला जागा पाहिजे. टर्बोला खालून एक ब्रॅकेट द्या. वजन तीनचार किलो वाढेल, मुलगा कुरकुर करेल, करू दे.

प्रश्न: टर्बो गाडी साध्या पेट्रोलवर ट्यून केली होती, आता सगळीकडे ई२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल). एअर-फ्युएल गेज तर आधीसारखाच आकडा दाखवतो, मग टेन्शन घेऊ का? — एक वाचक, नाशिक

उत्तर: गेज तुम्हाला गंडवतोय. तो मोजतो लँबडा (१ म्हणजे हवा-इंधन नेमकं, कमी म्हणजे इंधन जास्त) आणि काचेवर दाखवतो पेट्रोलच्या हिशोबाचा आकडा. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला १४.७ पट हवा लागते, ई२० ला साधारण साडेतेरा, म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन ओतावं लागतं. गेज स्थिर दिसतोय कारण एका वेगात निवांत चालताना ईसीयू स्वतःच भरून काढतोय. फुल बूस्टवर बरेच ईसीयू ओपन लूपमध्ये जातात, म्हणजे सेन्सरकडे न बघता तक्त्यावर चालतात, तिथं कोणी भरून काढत नाही, आणि इंजेक्टर आधीच ८५ टक्के उघडा असेल तर मॅपमध्ये तेवढं इंधन वाढवल्यावर तो ९२-९३ वर, म्हणजे जवळपास संपलाच. लॉगिंग करून फुल थ्रॉटलचा लँबडा बघा, ०.८० च्या आसपास हवा. ०.८८ दिसला तर त्या दिवशी गाडी ट्रेलरवरच ठेवा.

ऑक्टेनच्या बाजूने इथेनॉल वाईट नाही, उलट मदतच करतं. पण एक्सपी १०० (१०० ऑक्टेनचं पेट्रोल) वर मॅप केला असेल आणि ट्रॅकच्या गावात ते मिळालं नाही तर तोच टायमिंग साध्या पेट्रोलवर चालवणं म्हणजे ती चंदेरी मिरपूड. ट्यूनरकडून दोन मॅप करून घ्या, दुसऱ्यात ठिणगी चार डिग्री मागे आणि बूस्ट ०.२ बार कमी, आणि स्विच डॅशबोर्डवर असा लावा की हेल्मेट घालूनही हाताला लागेल.