पोर्तोला घरासाठी पैसे पाठवले, प्लॉटच अडलाय, आता काय?

प्रश्न घोडबंदर रोडवरच्या एका ताईंचा आहे, थोडक्यात देतो. मुलगी आणि जावई पोर्तुगालला, पोर्तोच्या जवळ, नातू दीड वर्षाचा. मिस्टर रिटायर झाले, त्यांच्या नावावरचा नौपाड्यातला १९९८ साली घेतलेला वन बीएचके २८ ऑगस्टला विकला आणि तिकडे छोटं घर बांधायचं म्हणून १० ऑक्टोबरला ४५ लाख मिस्टरांच्याच तिथल्या खात्यात पाठवले. बँकेने वर ७ लाख टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ टॅक्स, घेतला. मग कळलं की प्लॉट शेतजमिनीत मोडतो, व्यवहार थांबला, पैसे पडून आहेत. सासूबाई ८४ वर्षांच्या, त्या ठाणं सोडणार नाहीत, म्हणून प्लॅन असा की सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. मुलगी म्हणते प्लॉट माझ्याच नावावर घेऊन टाकू.

ताई, प्लॉटचं नंतर बघू, आधी तारखा. जानेवारी संपत आलाय आणि तुमच्या डोक्यावर दोन मुदती आहेत, पत्रात दोन्हींचा उल्लेख नाही म्हणजे बहुतेक कोणी सांगितलेलं नाही.

पहिली मुदत फेब्रुवारीअखेरची. फ्लॅट विकून आलेल्या नफ्यातून घर घेतलं की टॅक्स नाही, हे तुम्हाला बँकेतल्या माणसाने सांगितलं ते अर्धंच खरं आहे, कारण ते नवीन घर भारतात असायला लागतं, २०१४ च्या बजेटपासून असंच आहे. पोर्तोचं घर कितीही सुंदर बांधलंत तरी त्याची सूट इथे मिळत नाही. मागे कळव्याचे एक काका परदेशातल्या घरावर हीच सूट दाखवून बसले होते, नोटीस आल्यावर माझ्याकडे आले, तेव्हा करण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. तुमच्याकडे अजून आहे. विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत आरईसी, पीएफसी वगैरे सरकारी कंपन्यांचे कॅपिटल गेनचे (विक्रीच्या नफ्यासाठीचे) बाँड घ्या, ५० लाखांपर्यंत घेता येतात, पाच वर्षं अडकतात, पण तेवढ्या नफ्यावरचा टॅक्स वाचतो. उरलेल्या नफ्यावर टॅक्स भरायचाच. फ्लॅट जुना असल्यामुळे इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून धरणं) न घेता १२.५ टक्के किंवा घेऊन २० टक्के, जे कमी पडेल ते, हे सीएकडून दोन्ही बाजूंनी काढून घ्या. एफडी मोडावी लागली तर मोडा, थोडं व्याज जाईल पण २८ तारीख पुढे जात नाही.

दुसरी मुदत एप्रिलची. एलआरएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली पाठवलेला पैसा १८० दिवसांत वापरला किंवा गुंतवला नाही तर तो परत भारतात आणायचा असतो, हा नियम २०२२ पासून आहे. १० ऑक्टोबरपासून मोजलं तर ८ एप्रिल. तोपर्यंत चांगल्या प्लॉटचा करार होऊन पैसे दिले गेले तर प्रश्नच नाही, नाहीतर परत आणा, आणि घाईघाईत खराब प्लॉट घेण्यापेक्षा परत आणलेला कधीही बरा. परत आणलात म्हणून या वर्षाची वापरलेली लिमिट पुन्हा मोकळी होत नाही हे खरं, पण माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर म्हणजे तुमच्यासाठी भरपूर आहे, आणि १ एप्रिलला नवीन वर्षाची लिमिट मिळतेच.

ते ७ लाख बुडाले नाहीत हो. पहिल्या १० लाखांवर काही नाही, वरच्या ३५ लाखांचे २० टक्के म्हणून ७ लाख, मिस्टरांच्या पॅनवर जमा आहेत, फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे जमा टॅक्सच्या उताऱ्यात, दिसतील. कॅपिटल गेनचा टॅक्स त्यातूनच वळता होईल आणि उरलं तर रिफंड. फक्त रिटर्न भरताना ते परदेशी खातं शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, लिहायचं, व्याज शून्य असलं तरी लिहायचं, आयटीआर-१ हा साधा फॉर्म चालत नाही. लपवलं तर ब्लॅक मनी कायद्यात १० लाख दंड आहे, आणि २० लाखांपर्यंतच्या खात्यांना जी सवलत आहे ती ४५ लाखांना लागू नाही.

आता प्लॉट. तिकडे जमिनीच्या कागदावर रुस्तिको की उर्बानो असं लिहिलेलं असतं. आपण कर्जतला एनए आहे का ते न बघता गुंठा घेऊ का? तसंच आहे ते, रुस्तिको म्हणजे शेतीची, उर्बानो म्हणजे बांधकामाची, आणि विकणारा म्हणतो "होईल कन्व्हर्ट" तर त्याला म्हणावं आधी करून आण. नगरपालिकेकडून बांधकाम होऊ शकतं असं लेखी आल्याशिवाय बयाणा देऊ नका, आणि वकील तुमचा स्वतःचा ठेवा, एजंटने दिलेला नको. तुम्ही न जाता सह्या करायच्या असतील तर पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी इथे करून अपोस्टिल (परदेशात चालण्यासाठीचा सरकारी शिक्का) करावी लागेल.

मुलीच्या नावावर? सोपं पडेल यात शंका नाही. पण मग ते तुमचं घर नाही, तुम्ही तिला गिफ्ट दिलंत आणि तिच्याकडे राहायला जाताय एवढंच. मुलगी आपली, जावईही आपला, पण उद्या नोकरी बदलली, ते जर्मनीला निघाले, घर विकायला काढलं, तर तुमची सही लागणार नाही. आयुष्यभराची पुंजी घालत असाल तर मिस्टर आणि मुलगी दोघांच्या नावावर घ्या, परदेशात राहणाऱ्या नातेवाइकाबरोबर जॉइंट घ्यायला फेमात, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यात, परवानगी आहे. हे मुलीला कसं सांगायचं ते तुम्ही बघा, तो माझा प्रांत नाही.

आणि सहा महिन्यांचा प्लॅन तर आत्ताच्या व्हिसावर जमतच नाही. चिमाजी अप्पांनी १७३७ ला पोर्तुगिजांना ठाण्यातून काढलं, आता ते आपल्याला व्हिसा विचारतात. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या एकत्र टुरिस्ट व्हिसावर, कुठल्याही १८० दिवसांत ९० च दिवस, घर तुमचं असलं तरी. घर घेतल्यावर मिळणारा गोल्डन व्हिसा ऑक्टोबर २०२३ ला बंद झाला. पेन्शनवाल्यांसाठी डी७ नावाचा पोर्तुगालचा व्हिसा आहे, पण त्यात तिकडे खरंच राहावं लागतं, आणि १८३ दिवसांच्या वर राहिलात की पोर्तुगाल तुमच्या इथल्या पेन्शनचाही हिशोब मागणार. इकडे १८२ दिवस बाहेर राहिलं की एनआरआय झालो असंही समजू नका, नोकरीसाठी न जाणाऱ्याला वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात झाले तरी तो रेसिडेंटच, आणि सासूबाई इथे असताना तुमचे ६० दिवस होणारच. त्यामुळे पहिली दोन वर्षं ९० दिवसांच्या आत जाऊन या, नातवाबरोबर एक उन्हाळा काढा, मग डी७ चं ठरवा.

घर झालं की मिस्टरांनी मृत्युपत्रात एक ओळ घालायची, की वारसा भारतीय कायद्याने ठरावा. युरोपच्या नियमात आपल्या नागरिकत्वाचा कायदा निवडता येतो, नाही निवडला तर कायम जिथे राहत होतात तिथला लागतो.

सोमवारी बँकेत जाल तेव्हा ऑक्टोबरच्या ए-टू फॉर्मची (परदेशी पैसे पाठवताना भरलेल्या अर्जाची) कॉपी मागून घ्या. त्यात कारण घरखरेदी लिहिलंय की गिफ्ट, ते वाचा आणि मला कळवा, त्यावर पुढचं बरंच अवलंबून आहे.