बाहेरच्या ड्राइव्हवर उबुंटू टाकलं. ड्राइव्ह काढला की विंडोज उघडत नाही, काय करू?

भाऊ, ड्राइव्ह भुसावळला घरी राहिला आणि जळगावात कॉलेजला लॅपटॉप काळ्या पडद्यावर ‘ग्रब’ (उबुंटूचा बूटलोडर, म्हणजे मशीन चालू होताच सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम) दाखवून अडला, म्हणजे विंडोज उडालेलं नाही. घाबरून फॉरमॅट अजिबात मारू नका! बाहेरचा ड्राइव्ह निवडला तरी उबुंटूचा इन्स्टॉलर बऱ्याचदा बूटलोडर आतल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्येच (बूटलोडरच्या फायली ठेवायच्या छोट्या भागात) टाकतो.

आत्ता बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिल्या नंबरावर घ्या. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा.

कायमचा इलाज घरी गेल्यावर: बाहेरच्या ड्राइव्हवर ५१२ एमबीचं फॅट३२ ईएफआय पार्टिशन करा, उबुंटूत ते ‘/बूट/ईएफआय’ला माउंट करा (जोडा), एफएसटॅबमध्येही (कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं त्या यादीच्या फाइलमध्ये) त्याचाच यूयूआयडी (ओळख क्रमांक) लिहा, मग ग्रब-इन्स्टॉल ही कमांड ‘रिमूव्हेबल’ पर्याय लावून चालवा. तो पर्याय गाळू नका. त्यामुळेच ड्राइव्ह दुसऱ्या यूईएफआय (नव्या पद्धतीचा बायोस असलेल्या) मशीनवरही सुरू होतो.