लोखंडी पट्ट्या आणि निळा गाळ

प्रश्न : पैंजण-जोडव्यांना चांदीचं पाणी देण्याचा आमचा घरगुती कारखाना आहे. दिवसाला साधारण ३०० लिटर धोवण निघतं. एक विक्रेता म्हणतो, टाकीत लोखंडी पट्ट्या सोडून करंट लावला की सगळं विष गाळात बसतं, वरचं पाणी खुशाल गटारीत सोडा. आमच्यासमोर त्यानं पिवळं पाणी नितळ करून दाखवलं. घ्यावं का हे यंत्र?
— एक वाचक, हुपरी

उत्तर : घेऊ नका. यंत्र खोटं नाही, पण ते तुमच्या पाण्याचं नाही.

त्यानं दाखवलेलं पिवळं पाणी बहुधा क्रोमचं होतं. शिरोली एमआयडीसीतल्या एका प्लेटिंगच्या कारखान्यात मी बरीच वर्षं लॅब सांभाळली. तिथं हार्ड क्रोमच्या धोवणाला आम्ही हेच लावलं होतं. करंट दिला की लोखंडाची पट्टी झिजते आणि पाण्यात उतरलेलं लोखंड विषारी सहा-संयुजी क्रोमियमचं तीन-संयुजी क्रोमियम करतं. १ ग्रॅम क्रोमियमला सव्वातीन ग्रॅमच्या आसपास लोखंड लागतं, म्हणजे हिशोबानं साधारण ३ अँपिअर-तास. मग सामू साडेआठच्या घरात आणला की हिरवट-तपकिरी गाळ खाली बसतो. काचेच्या भांड्यात ते बघायला फार झकास दिसतं, विक्रेत्याचा धंदा त्यावरच चालतो.

तुमच्या चांदीच्या धोवणात मात्र आहे सायनाईड. त्याला लोखंड भेटलं की दोघांची घट्ट मोट बांधली जाते, फेरोसायनाईड म्हणतात ते. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. एकदा सायनाईडच्या धोवणाच्या चार बादल्या कुणीतरी आमच्या क्रोमच्या टाकीत ओतल्या. मी मोकळ्या सायनाईडची तपासणी केली, काही आलं नाही, निर्धास्त झाले. दुसऱ्या दिवशी वाळत घातलेल्या गाळावर निळी झाक! धोतराला नीळ जास्त झाली की दिसते ना, तशी. सायनाईड कुठं गेलंच नव्हतं, लोखंडाच्या आड बसलं होतं. असं पाणी उघड्या नाल्यात गेलं की उन्हानं ती मोट सुटू लागते. म्हणून लॅबला नमुना देताना ‘टोटल सायनाईड’ (मोकळं आणि लोखंडाशी बांधलेलं, दोन्ही मिळून) असं लिहूनच द्या. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही.

मग वीज वापरायचीच नाही का? वापरा, पण आधी चांदीसाठी. प्लेटिंगच्या टाकीतून माल काढला की पहिली बुडी ज्या टबात देता, त्याचं पाणी वाहतं ठेवू नका. ते साठू द्या, चांदी त्यातच उतरते. समजा ५० लिटरच्या टबात लिटरमागे २ ग्रॅम चांदी साठली, तर टबात १०० ग्रॅम झाली. फॅरडेनं १८३४ साली मांडलेल्या हिशोबानं १ अँपिअर-तासाला ४ ग्रॅम चांदी बसते, म्हणजे २५ अँपिअर-तास पुरावेत. प्रत्यक्षात दुप्पट-तिप्पट धरा, कारण पाणी पातळ होत गेलं की करंट चांदीऐवजी हायड्रोजनचे बुडबुडे काढण्यात जातो. ऋण टोकाला स्टीलचा पत्रा लावा. त्यावर बसलेली चांदी खरवडून आटणीला द्यायची. भाव तुम्हाला माझ्यापेक्षा पाठ. त्याच वेळी धन टोकापाशी सायनाईडही थोडंफार तुटतं, तो वरचा फायदा.

उरलेल्या सायनाईडसाठी पाण्यात मीठ घालून, लेप दिलेली टायटॅनियमची पट्टी धन टोकाला लावून जागेवरच हायपोक्लोराइट (ब्लीचचं पाणी) तयार करता येतं. (मीठ घातल्यावर तिथं स्टील लावलंत तर खड्डे पडून महिन्याभरात चाळण होईल.) पण खरं सांगू? रोजच्या ३०० लिटरसाठी एवढा खटाटोप मला परवडणारा वाटत नाही. हायपोक्लोराइटचा कॅन आणून बेतानं घालत गेलात तरी काम तेच होतं. यंत्र असो वा कॅन, काम दोन टप्प्यांत करायचं. पहिल्या टप्प्यात सामू साडेदहाच्या खाली येता कामा नये. सायनाईड पूर्ण मोडलं की दुसऱ्या टप्प्यात तो साडेआठवर आणा.

आता गटारीचं. तुमचं पाणी अल्कधर्मी असेलही, पण त्याच गटारीला शेजारी ॲसिडचं धोवण सोडत असेल तर? दोन्ही भेटले की हायड्रोजन सायनाईड वायू सुटतो. कडू बदामासारखा वास येतो म्हणतात, पण कित्येकांच्या नाकाला तो कळतच नाही. तुमच्याच कारखान्यात ॲसिडची बादली आणि सायनाईडचं धोवण एका मोरीत जात असेल, तर हा अंक खाली ठेवून आधी तेवढं वेगळं करा. आणि गाळ कोंडाळ्यात टाकायचा नाही. तो घातक कचऱ्यात मोडतो, रांजणगावसारख्या अधिकृत ठिकाणीच जायला हवा.

प्रश्न : मी दहावीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी साडीच्या लाल रंगाच्या पाण्यात मीठ टाकून ९ व्होल्टची बॅटरी जोडली. अर्ध्या तासात रंग गेला. मग पंचगंगा अशी साफ का करत नाहीत?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : तू टोकांना काय लावलं होतंस, ते लिहिलंच नाहीस! खिळे असतील तर तळाशी तपकिरी गाळ बसला असेल, रंग त्यात अडकतो. पेन्सिलीतलं शिसं (म्हणजे ग्रॅफाइट) असेल तर गाळ नाही. मिठातून तयार झालेल्या क्लोरीननं रंग उडवला, आईनं ब्लीच घातल्यावर उडतो तसा. रंग दिसेनासा झाला, पण त्याचे तुकडे पाण्यातच आहेत, काहींना क्लोरीन चिकटून ते आणखी त्रासदायकही होतात. नदीच्या पाण्यात एवढं मीठ नसतं, त्यामुळं करंट नीट वाहत नाही, आणि विष इतकं पातळ झालेलं असतं की बहुतेक वीज वाया जाते. हा उपाय इचलकरंजीतल्या रंगाच्या टाकीपाशी करायचा असतो, नदीच्या घाटावर नाही.

प्रयोग दोन्ही टोकांनी करून बघ, दोन बाटल्या शेजारी ठेव. पेन्सिलीच्या शिशाच्या वेळी मात्र खिडकी उघडी ठेव आणि भांड्यावर वाकून वास घेऊ नकोस.