घरी मॉर्फिन देताना: दुखेल तेव्हाच की घड्याळाप्रमाणे?

तुम्ही विचारलंय की वडिलांना कॅन्सरच्या दुखण्यासाठी दिलेली मॉर्फिनची साधी १० मिलिग्रॅमची गोळी दुखेल तेव्हाच द्यावी का. नाही, घड्याळाप्रमाणे द्या. तिचा असर साधारण ४ तास टिकतो; दुखणं पुन्हा उसळलं की ते आटोक्यात आणायला जास्त औषध लागतं. वेळा सहसा सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १०. डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर रात्रीचा डोस दुप्पट, म्हणजे झोपमोड होत नाही. मधेच कळ आली तर द्यायचा जादा डोस किती, हे आधीच लिहून घ्या. दिलेला प्रत्येक जादा डोस वहीत वेळेसकट नोंदवा. घरी येणाऱ्या नर्सताई त्यावरूनच पुढचं ठरवतात.

घरोघरी चुकतं ते बद्धकोष्ठाचं. मळमळ आणि गुंगी काही दिवसांत ओसरतात, बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही. म्हणून बिसाकोडिलसारखं रेचक पहिल्या दिवसापासून, रोज रात्री. इसबगोल नको: पाणी कमी पिणाऱ्या माणसात ते आतड्यात घट्ट बसतं. ३ दिवस शौचाला झालं नाही तर नर्सला कळवा.

लघवी कमी झाली, हातपाय झटके देऊ लागले, उठवूनही जाग येईना किंवा श्वास फार मंदावला तर पुढचा डोस थांबवून लगेच फोन करा. एरवी औषध एकदम बंद करू नका. साध्या गोळीऐवजी मॉर्फिनची बारा तास चालणारी गोळी दिली असेल तर ती कधीच कुटू नका. गिळता येईनासं झालं तर त्वचेखालच्या बारीक सुईतून औषध देता येतं, नर्सताई ती घरीच बसवतात.