ॲस्ट्रोटर्फ, तळागाळ आणि दर्भ

प्रश्न : कंपन्या टीकाकार कार्यकर्त्यांना तोंड द्यायला नागरिकांच्या खोट्या संघटना उभ्या करतात, त्याला ‘ॲस्ट्रोटर्फिंग’ म्हणतात. मराठीत ‘जनसंपर्क मोहीम’ म्हटलं तर चालेल का? एके ठिकाणी ‘कृत्रिम तृणमूल’ असंही वाचलं.

उत्तर : दोन्ही नकोत, आणि ‘जनसंपर्क’ तर मुळीच नको. सध्या हा घोळ रोज कानावर येतो. कंपनीने पानभर जाहिरात दिली किंवा प्रवक्त्याने खुलासा केला, की लोक लगेच ‘ॲस्ट्रोटर्फिंग’ म्हणून मोकळे होतात. आणि खरोखरच भाड्याची माणसं आणून बसवली, की बातमीत ‘जनसंपर्क’ असं सोज्ज्वळ नाव छापून येतं. व्हायला हवं नेमकं उलट.

जनसंपर्कात बोलणारा कोण ते कळतं. अमेरिकी लेखिका रेचेल कार्सन यांनी १९६२ मध्ये कीटकनाशकांच्या बेसुमार वापरावर टीका केली, तेव्हा मॉन्सॅन्टो या रसायन कंपनीने कीटकनाशकांविना अमेरिका किडींनी कशी फस्त केली याचं भयाण काल्पनिक वर्णन त्याच वर्षी छापलं आणि वाटलं. कार्सन यांची खिल्ली उडवणारा, घबराट पसरवणारा मजकूर होता तो. पण छापला होता कंपनीच्याच मासिकात. तो जनसंपर्क, फार तर प्रचार. याउलट १९९३ मध्ये अमेरिकेत ‘नॅशनल स्मोकर्स अलायन्स’ निघाली. धूम्रपान करणाऱ्या सामान्य माणसांच्या हक्कांची संघटना, असं तिचं रूप. तिच्यामागे पैसा फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीचा आणि उभारणी बर्सन-मार्स्टेलर या जनसंपर्क संस्थेची. धूम्रपानबंदीची मागणी करणाऱ्यांसमोर कंपनी स्वतः येत नव्हती, ‘नागरिक’ येत होते. हे ॲस्ट्रोटर्फिंग.

‘तृणमूल’बद्दल थोडक्यात. सामान्य माणसांतून उभ्या राहिलेल्या चळवळीला इंग्रजीत ‘ग्रासरूट्स’ (गवताची मुळं) म्हणतात, त्याचा तो शब्दशः अनुवाद आहे, आणि मराठी वाचकाला त्यावरून बंगालमधला पक्षच आठवतो. आपल्याकडे या अर्थाला ‘तळागाळ’ आहे. त्यात गवत नाही, तळाचा गाळ आहे, आणि त्यामुळेच खऱ्या गवताविरुद्ध खोटं गवत हा इंग्रजीतला श्लेष मराठीत उतरत नाही.

आता मूळ शब्दाकडे, कारण खरी गंमत तिथे आहे. ह्यूस्टनला ‘नासा’चं अंतराळ केंद्र आलं, म्हणून तिथल्या बेसबॉल संघाने ‘ॲस्ट्रोज’ हे नाव घेतलं. त्यांचं छपराचं मैदान ‘ॲस्ट्रोडोम’ १९६५ मध्ये सुरू झालं. छताला पारदर्शक तावदानं होती. त्यातून येणाऱ्या उजेडाच्या चकाकीत उंच उडालेला चेंडू खेळाडूंना दिसेना. मग तावदानं रंगवून टाकली. चेंडू दिसू लागला, पण ऊन अडल्यामुळे गवत मेलं, आणि उरलेला हंगाम मेलेल्या गवताला हिरवा रंग मारून काढला. १९६६ मध्ये तिथे कृत्रिम गवत अंथरलं, तेच ‘ॲस्ट्रोटर्फ’. बनवणारी कंपनी मॉन्सॅन्टो! १९८५ मध्ये टेक्ससचे सिनेटर लॉइड बेन्ट्सन यांच्याकडे विमा कंपन्यांच्या बाजूची पत्रं ढिगाने येऊ लागली, तेव्हा टेक्ससच्या माणसाला ग्रासरूट्स आणि ॲस्ट्रोटर्फ यांतला फरक कळतो, अशा अर्थाचं ते बोलले. तिथून हा शब्द राजकारणात रुजला.

याच्याही मागे चला. ‘ॲस्ट्रो’ म्हणजे ग्रीक ‘आस्त्रोन’, तारा. ऋग्वेदात ताऱ्यांसाठी ‘स्तृभिः’ हे रूप येतं ते याच कुळातलं, आणि फारसीतून आलेला आपला ‘सितारा’ही. ‘टर्फ’ म्हणजे हिरवळ, तिचा नातलग तर थेट आपल्या देवघरात आहे : संस्कृत ‘दर्भ’. म्हणजे ‘ॲस्ट्रोटर्फ’ची फोड ‘तारा’ आणि ‘दर्भ’ अशी होते. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला इतका आनंद झाला, की तो इथे वाटल्याशिवाय राहवत नाही.

कारण दर्भाला आपल्याकडे एक विशेष काम आहे : नसलेल्या माणसाच्या जागी बसणं. श्राद्धाला ब्राह्मण मिळाले नाहीत तर दर्भाचे ‘चट’ करून पानावर मांडतात आणि सगळा विधी त्यांच्यासमोर होतो. त्यावरून ‘चटावरचं श्राद्ध’ हा वाक्प्रचार आला. म्हणून माझा आग्रह : ॲस्ट्रोटर्फिंगला ‘चटावरचं आंदोलन’ म्हणा. जागा भरलेली आहे, विधी यथासांग चालू आहे, फक्त बसलेलं माणूस नाही, गवत आहे. परकी प्रतिमा न आणता नेमका अर्थ मिळतो, आणि वर तेच गवत, तोच धातू!

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, ‘चटावरचं श्राद्ध’ म्हणजे कसंतरी उरकलेलं काम. हा अर्थ नंतरचा. उरकणं कशामुळे शक्य झालं? खाणारा, मागणारा, चूक दाखवणारा माणूसच समोर नव्हता म्हणून. दुसरा आक्षेप ‘तोतया’वाल्यांचा. ‘तोतया चळवळ’ हा पर्याय सुचवणाऱ्यांमध्ये काही जाणकार आहेत, तरी तो चुकीचाच आहे. तोतयाला अस्सल माणूस लागतो. सदाशिवरावभाऊ होऊन गेले होते म्हणून त्यांचा तोतया निघू शकला आणि १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहदंड झाला. इथे सोंग घ्यायला अस्सल आंदोलनच नसतं.

न्यू ऑर्लीन्सचं उदाहरण घ्या. एन्टर्जी या वीज कंपनीला तिथे गॅसवर चालणारं वीजकेंद्र हवं होतं, पर्यावरण कार्यकर्ते आणि रहिवासी विरोधात होते. २०१७ आणि २०१८ च्या जाहीर सुनावण्यांना नारिंगी टी-शर्ट घातलेले समर्थक येऊन बसले. त्यांतले कित्येक भाड्याचे नट होते. बसून टाळ्या वाजवायला ६० डॉलर, लिहून दिलेलं भाषण म्हणायला २००, आणि याबद्दल बाहेर बोलायचं नाही अशी लेखी अट. कंपनीने काम दिलं एका जनसंपर्क संस्थेला, तिने पुढे दिलं भाड्याने गर्दी पुरवणाऱ्या ‘क्राउड्स ऑन डिमांड’ला.

एक विनंती. हा शब्द पैसे देणारा सापडल्याशिवाय वापरू नका. प्रकल्पाला विरोध करणाऱ्या गावकऱ्यांना ‘पैसे घेऊन आलेले’ म्हणणं हाही कंपन्यांचा जुना डाव आहे, आणि पुराव्याविना कुणालाही चट ठरवलं की आपण त्याच डावात सामील होतो. न्यू ऑर्लीन्सला पुरावा होता : नटांनी स्वतः पत्रकारांना सांगितलं, नगर परिषदेने चौकशी केली आणि कंपनीला ५० लाख डॉलर दंड ठोठावला. वीजकेंद्राची मंजुरी मात्र कायम राहिली आणि २०२० मध्ये ते सुरूही झालं.